आडिवऱ्याचे केशवराव दाते आणि जुन्या सिनेमातली चरित्रकामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातल्या आमच्या लहानशा वाचनालयात काउंटरच्या मागे एक कृष्णधवल फोटो लावलेला आहे. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले, की पेपर चाळता चाळता हमखास कोणीतरी विचारतं, "हे कोण? गावातले सरपंच का?" मग फोटोतले जुने नट केशवराव दाते, मग प्रभात फिल्म कंपनी, मग मूकपट, आणि शेवटी बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवेपर्यंत गप्पा. तीच उत्तरं दर वर्षी देऊन घसा बसतो, म्हणून एकदाची लिहून काढली.

चरित्र अभिनेता म्हणजे चरित्रपटात काम करणारा ना?

नाही. घोळ शब्दाचाच आहे. हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आला आणि तिथे 'चरित्र'चा अर्थ स्वभाव किंवा पात्र असा होतो. नायक-नायिका सोडून कथेतली जी ठसठशीत माणसं असतात ती उभी करणारा तो चरित्र अभिनेता: बाप, सासरा, सावकार, वकील, गुरू, गावचा पाटील. ही कामं बदलली तर गोष्टच बदलते. नायक बदलला तर पुष्कळदा नुसती गाणी बदलतात, असं माझं मत आहे. वाचनालयाच्या समितीचं नाही.

दाते खरंच आपल्या आडिवऱ्याचे?

हो. जन्म १८८९ चा, आडिवऱ्याचा. महाकालीचं आडिवरे तेच. याच गावच्या श्यामजी नाईक काळे यांनी दशावतार कोकणात आणला अशी परंपरा सांगतात. म्हणजे नाटकाचं वेड इथल्या पाण्यातच असावं. पण नटाची कारकीर्द इथे होणार नव्हती. मुंबईला आगबोटीने जायचं, पावसाळ्यात बोट बंद, असे ते दिवस. ज्याला नाटकात जायचं त्याला घाट चढावा लागे नाहीतर समुद्र ओलांडावा लागे.

कोल्हापूरचं नाट्यगृह यांच्याच नावाचं का?

ते केशवराव भोसले. 'ललितकलादर्श'वाले, गाणारे. आपले केशवराव दाते, न गाणारे. दर गणपतीत हा प्रश्न येतो आणि दर गणपतीत विचारणारा कोल्हापूरला शिकलेला असतो.

सिनेमात ते इतक्या उशिरा का आले?

खरं उत्तर वरच्याच प्रश्नात आहे: गाणारे आणि न गाणारे.

त्या काळच्या मराठी रंगभूमीवर नटांच्या सरळ दोन जाती होत्या. गाणारा नट पदाला वन्समोअर घेई आणि नाटक पहाटेपर्यंत ताणी. दुसरा तो गद्य नट. त्याच्याकडे फक्त भाषा, आवाज आणि उभं राहण्याची तऱ्हा. आगरकरांच्या 'विकारविलसित'मधला गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट हा त्या घराण्याचा मानबिंदू. दाते वाढले महाराष्ट्र नाटक मंडळीत, आणि ती गद्य नाटकं करणारी कंपनी. खाडिलकरांचं 'कीचकवध' हिचंच. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कळलं, तसं ते सरकारलाही कळलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. तेव्हा दाते चोविशीतले, म्हणजे वयाने अगदी योग्य. पण मूकपटाला गद्य नटाचा काय उपयोग? ज्याची सगळी मिळकत आवाजात, त्याला मुका करून पडद्यावर उभं करायचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला डोंगरावर नांगर धरायला लावण्यातला प्रकार.

१९३१ साली 'आलम आरा' बोलला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. आता तरी गद्य नटाचे दिवस आले म्हणावं, तर पार्श्वगायन अजून यायचं होतं. जो पडद्यावर दिसतो त्यालाच कॅमेऱ्यासमोर गावं लागे. म्हणून 'अयोध्येचा राजा'त राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे पेटीवादक, संगीतकार, गाण्यातला माणूस. नायकाची गादी पुन्हा गाणाऱ्याकडे गेली. गद्य नटाच्या वाट्याला आले राजगुरू, काका, वकील आणि म्हातारे.

आता एका दृष्टीने हा अन्याय. पण मराठी बोलपटातली चरित्रकामं इतकी भक्कम का झाली, याचं कारण मला यातच दिसतं. कंपनीतले सगळ्यांत कसलेले बोलणारे नट नायकाच्या मागे उभे होते.

मूकपटांत अशी कामं नव्हतीच का?

होती, पण कोणाला काय काम मिळेल ते नशिबावर. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र होते आणि तारामती अण्णा साळुंके. कामाला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी एका हॉटेलात आचारी असलेल्या या मुलाला हेरलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पण साळुंकेच आणि सीता पण साळुंकेच. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी झाले होते शांताराम, हो, पुढचे व्ही. शांताराम. एकाच माणसाने दिवसा सेट रंगवायचा, दुपारी अभिनय करायचा, संध्याकाळी फिल्म धुवायची असा तो कारभार. चरित्र अभिनेता ही वेगळी वाटणी व्हायला आवाज यावा लागला.

स्त्रीपार्ट करणाऱ्याला 'कुंकू' सिनेमातला म्हातारा वकील कसा जमला?

हा प्रश्न एका कॉलेजातल्या मुलीने विचारला होता, आणि मला तो फार आवडला. दात्यांची सुरुवात स्त्रीभूमिकांनी झाली. त्या पिढीत ते नवलाचं नव्हतं. 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीसही आधी स्त्रीभूमिकांसाठीच ओळखले जात.

आपल्याकडे दशावतार पाहिलेल्या माणसाला याचं उत्तर आपोआप मिळतं. देवळाच्या मागच्या खोलीत चटईवर बसून, हातातल्या आरशात बघत एखादा नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवत असतो. दुपारी याच माणसाला तुम्ही आंब्याच्या पेट्या ठोकताना पाहिलेलं असतं. तो डोळ्यांत काजळ भरतो, निऱ्या पायाखाली दाबून नऊवारी कसतो, आणि उठून उभा राहतो तेव्हा त्याचं वजन पायाच्या दुसऱ्याच भागावर गेलेलं असतं. चवडे नाही, टाच. तेवढ्यानं बाई उभी राहते. बाई साकारायला शिकलेला नट शरीर कुठे जड करायचं आणि कुठे हलकं, हे शिकलेला असतो. म्हातारपण म्हणजे तरी दुसरं काय? पाठीला बाक काढणं ही हौशी मंडळींची युक्ती. दाते 'कुंकू'त फार वाकत नाहीत. बसताना मात्र आधी खुर्चीचा अंदाज घेतल्यासारखे बसतात.

'अमृतमंथन'मधले ते भयंकर डोळे दात्यांचेच ना?

नाही हो. ते डोळे चंद्रमोहन यांचे. १९३४ चा 'अमृतमंथन' प्रभातने पुण्याच्या नव्या स्टुडिओत केला. हिंदीत राजगुरू चंद्रमोहन आणि मराठीत केशवराव दाते. डबिंग नव्हतं, म्हणून एकच सेट, एकच दिवे आणि दोन सिनेमे अशी पद्धत होती. प्रसंग मराठीत घ्यायचा, मग हिंदीत. काही नट दोन्हीकडे तेच, काही बदललेले. हिंदी आवृत्ती देशभर गेली, पंचवीस आठवडे चालली, आणि डोळे चंद्रमोहनचे राहिले. दात्यांचा राजगुरू मराठी मुलखापुरता उरला. पंचेचाळिशीत सिनेमात आलेल्या माणसाच्या वाट्याला पहिल्याच मोठ्या कामात हे आलं.

'कुंकू' बघायचाय. काय बघू?

यूट्यूबवर सापडतो, प्रत मात्र जुनाट आहे. १९३७ चा सिनेमा, दिग्दर्शन शांतारामांचं, मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट'. हिंदीत 'दुनिया न माने', त्यातही म्हाताऱ्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं काम दात्यांचंच. गोष्ट थोडक्यात अशी: नीरेला (शांता आपटे) फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लावून देतात. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. काकासाहेबांना पोरीएवढ्या बायकोसमोर आपण काय केलं ते हळूहळू उमजत जातं, आणि शेवटी ते स्वतःचा जीव देऊन तिला मोकळं करतात.

बघायच्या जागा सांगतो. मिशांना कलप लावण्याचा प्रसंग बघा. म्हाताऱ्या नवऱ्याची टिंगल करायला यापेक्षा सोपा विनोद नाही. 'शारदा' नाटकापासून प्रेक्षक अशा म्हाताऱ्याला हसायला सरावलेला होता. दाते तो विनोद अर्धाच करतात. ब्रश मिशीला लागतो तिथवर हसू येतं, आणि मग ते आरशात जे बघतात त्यानंतर हसायचं की नाही ते कळेनासं होतं. तोंडावर काही मोठं घडत नाही. डोळे फक्त क्षणभर उशिरा हलतात.

दुसरं, घड्याळ. काकासाहेबांच्या घरातलं भिंतीवरचं ते घड्याळ म्हणजे जवळपास एक पात्रच आहे. आणि तिसरं, या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. जे आवाज येतात ते त्या जगातलेच: रस्त्यातले, घरातले, फोनोग्राफचे. संगीताची कुबडी नसताना नट उघडा पडतो. दात्यांना त्याचा फायदाच झाला.

आम्ही दोन वर्षांपूर्वी गणपतीत देवळाच्या सभामंडपात 'कुंकू' दाखवला. पडदा म्हणून चादर, प्रोजेक्टर एका भाच्याचा. ऐन मिशांच्या प्रसंगात वीज गेली. वीस मिनिटं अंधार, पत्र्यावर पाऊस, आणि पोरं मोबाइलच्या उजेडात एकमेकांना मिशा काढत बसलेली. वीज आल्यावर सगळे गप्प झाले. शेवटाकडे पावसाचा जोर वाढला तेव्हा तेच पार्श्वसंगीत वाटायला लागलं. पुढे बसलेली एक आजी, मूळची कणकवलीकडची, पदराने नाक पुसत शेजारणीला म्हणाली, "हेका आधी कोणी सांगूक नाय काय गो?" नीरेची बाजू तिला पटलेली होतीच, पहिल्या अर्ध्या तासातच तिने काकासाहेबांना शिव्या घालून झाल्या होत्या. तरी शेवटी ती हे म्हणाली. दात्यांच्या कामाचं याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

विजोड लग्नं आणि त्यातून होणाऱ्या विधवा, हा विषय कोकणात तरी नवा होता का?

मुळीच नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. 'कुंकू' बघून गिरगावातून पत्रं लिहिणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना काकासाहेब कुठल्या आळीत राहतात ते नेमकं ठाऊक असणार.

मग दात्यांच्या या पात्रांना खलनायक म्हणायचं का?

राजगुरूला म्हणा, काकासाहेबांना नको. खलनायकीचा पक्का साचा हवा असेल तर बाबूराव पेंढारकर बघा. तरी तेसुद्धा १९५४ मध्ये महात्मा फुले झाले.

'शेजारी'त मिर्झा कोण? दाते की जागीरदार?

तुम्ही कुठल्या भाषेत पाहिलात त्यावर आहे. १९४१ च्या मराठी 'शेजारी'त मिर्झा केशवराव दाते आणि त्यांचा मित्र जिवबा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त जागीरदारच मिर्झा, आणि त्यांचा हिंदू मित्र ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे जागीरदार त्याच दिवसांत, त्याच सेटवर एका भाषेत हिंदू आणि दुसऱ्या भाषेत मुसलमान. दोन म्हातारे मित्र, गावात धरण येतं, धरणापायी भांडण लावलं जातं, आणि धरण फुटतं तेव्हा दोघं एकमेकांना धरून जातात. आमच्या भागात ज्यांची घरं मशिदीच्या आणि देवळाच्या मधल्या पाखाडीवर आहेत त्यांनी हा एकदा जरूर बघावा. बुद्धिबळाच्या पटावर दोघं बसतात ते प्रसंग तर सवडीने बघा.

आवाजाचं काय? नाटकातला आवाज सिनेमात चालतो?

नाही चालत, आणि पुष्कळ नाटकवाले तिथेच अडले. लाउडस्पीकर नसताना शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत स्वगत पोचवायची सवय. माइकसमोर तसं बोललं की ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढून टाकायचे.

दात्यांच्या बाबतीत मधली पायरी नशिबाने मिळाली. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या नाटकमंडळीने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणलं. मूळ नॉर्वेतलं, ब्यर्नसनचं, आणि रूपांतर श्री. वि. वर्तकांचं. प्रवेशामागून प्रवेश बदलणारे रंगवलेले पडदे नव्हते, घर घरासारखं होतं, बायकांची कामं बायका करत होत्या, आणि माणसं माणसांसारखी बोलत होती. दाते त्या मंडळींतले. म्हणजे सिनेमात पाय ठेवण्याआधीच ते आवाज खाली उतरवायला शिकले होते. हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत महत्त्वाचं वर्ष वाटतं, आणि त्या वर्षी त्यांचा एकही गाजलेला सिनेमा नाही.

पैसे चांगले मिळायचे का?

मोठ्या स्टुडिओत नट पगारी असे. महिन्याचा पगार, ठरलेल्या वेळेला हजेरी, काम नसलं तरी यायचं. आजच्यासारखं कॉलशीटचं गणित नव्हतं. चरित्रनटाला हे बरं पडे. नायकाचा भाव वरखाली व्हायचा, याचा पगार चालू राहायचा.

नायक विसरले गेले, हे मात्र टिकले. असं का?

वयामुळे. नायक म्हातारा झाला की संपतो, हे म्हातारे म्हणूनच आले होते. शांतारामांनी १९४२ मध्ये प्रभात सोडून मुंबईत परळला राजकमल काढलं. दातेही पुढे राजकमलमध्ये होते. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'त नायकाचे वडील आणि नृत्यगुरू तेच. रंगीत सिनेमा, गोपीकृष्णांचं नृत्य, संध्याबाई, आणि मधे हा पासष्टीचा माणूस सरळ पाठीने बसलेला. विजेच्या दिव्याआधीच्या रंगभूमीवरून टेक्निकलरपर्यंत एकाच आयुष्यात आलेले नट किती असतील? १९७१ मध्ये ते गेले.

बायकांना अशी कामं मिळायची का?

मिळायची, पण दार वेगळं होतं. पुरुष थेट म्हातारा म्हणून येई. बाईला आधी नायिका व्हावं लागे, मग उतरावं लागे. ललिता पवार नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात जोरात बसलेल्या थपडेने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डोळा कायमचा बारीक झाला. मग त्या खाष्ट सासू झाल्या, आणि तीन पिढ्यांनी त्या डोळ्याला दुष्टपणा समजून शिव्या घातल्या. दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त तारामती, आणि १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई.

कोकणातलं आणखी कोण?

डेव्हिड! हे नाव सांगितलं की लोक हसतात. 'बूट पॉलिश'मधला टकलू, बुटका जॉन चाचा आठवा. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. हे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून लागले असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, त्यांना 'शनवार तेली' म्हणत. डेव्हिड वकिली शिकलेले, १९३७ पासून सिनेमात, आणि 'बूट पॉलिश'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. त्याच समाजातले जोसेफ डेव्हिड पेणकर, हो, पेणचे 'कर', यांच्या नाटकावरून 'आलम आरा' झाला. म्हणजे भारतातला पहिला बोलपट जे बोलला त्याच्या मागे अलिबाग-पेणकडचं एक आडनाव होतं. चौलच्या रामेश्वराला जाणाऱ्या बसमध्ये हे सांगून बघा, कोणाचा विश्वास बसत नाही.

दात्यांच्या वेळचे मूकपट कुठे बघायला मिळतात?

फारसे कुठेच नाहीत. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, उरले तीसच्या आत. नायट्रेटची फिल्म ठिणगीने पेटते, आपल्यासारख्या दमट हवेत चिकट होते, आणि जुनी झाली की लोक तिच्यातली चांदी काढून घ्यायला विकत. जे आहे ते पुण्याला, १९६४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. 'राजा हरिश्चंद्र'चीही पहिली आणि शेवटची रिळं तेवढी आहेत.

आमच्या वाडीच्या नाटकात मला म्हाताऱ्याचं काम दिलंय. काय करू?

कापूस लावून दाढी करू नका, दुसऱ्या अंकात घामाने सुटते. काठी घ्यायची तर घरातल्या कोणाची तरी खरी घ्या आणि आठवडाभर आधीपासून वापरा. आणि 'कुंकू' बघा, पण आवाज बंद करून. दात्यांचे हात कुठे असतात तेवढंच बघा.

'कुंकू' पुन्हा कधी दाखवणार?

यंदा गौरी गेल्यानंतरच्या रात्री, आरती आटपली की. जनरेटरवाल्याशी बोलून ठेवलंय. बसायला चटई घरून आणा, आणि त्या आजींसाठी पुढची खुर्ची धरून ठेवलेली आहे, तिच्यावर कोणी बसू नका.